नोज व्हील मोडलं, चूक कोणाची?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं, की भाचा सीपीएलचं, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या लायसन्सचं, ट्रेनिंग घेतोय, साठेक तास झालेत, परवा दुपारी सोलो, म्हणजे एकटाच, उडत असताना आपल्या कोकणातल्या एका सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, धावपट्टीवर उतरताना त्याच्या सेसना १७२ ने दोन-तीन उड्या मारल्या, पुढचं चाक मागे मुडपलं, प्रॉपेलर जमिनीला लागला आणि विमान नाकावर घसरत जाऊन धावपट्टीवरच थांबलं. पोराला खरचटलंसुद्धा नाही. आता शाळेतले म्हणतात पोराची चूक, घरचे म्हणतात विमानच जुनाट होतं, गावात बातमी फिरतेय की लँडिंग गिअर उघडलंच नाही, आणि तुम्ही मामा म्हणून विचारताय की खरं काय, पैसे भरावे लागतील का, आणि पोराचं करियर संपलं का.

पोरगा धडधाकट आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. बाकीचं सगळं पत्रा आणि नटबोल्ट आहे, ते बदलता येतं. मी मूळ वेंगुर्ल्याचा, रिटायर होऊन आता गावीच असतो. एकतीस वर्षं एएमई म्हणून काम केलं, म्हणजे विमान तपासून, दुरुस्त करून 'हे उडायला योग्य आहे' अशी सही करणारा माणूस, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं फ्लाइंग स्कूलच्या छोट्या विमानांवर गेली. मधे स्वतःचं पीपीएल, म्हणजे खाजगी पायलटचं लायसन्स, पण काढलं, त्यामुळे योक, म्हणजे विमानाचं हँडल, हातात असताना जमीन कशी अंगावर येते तेही माहितीय. तुमच्या भाच्याचं विमान मी बघितलेलं नाही त्यामुळे त्याच्या केसवर मी निकाल देणार नाही, पण अशी मोडलेली नाकं मी बरीच उघडलीत, तेव्हा त्याच्याकडे बघायचं कसं ते सांगतो.

आधी गावातली बातमी निकालात काढू. ट्रेनिंगला सर्रास वापरतात त्या १७२ ची चाकं कायम बाहेरच असतात, ती आत जातच नाहीत, त्यामुळे उघडायचा प्रश्न येत नाही. किनाऱ्यावरून कोस्ट गार्डचं डॉर्नियर जाताना बघितलं असेल किंवा चिपी विमानतळावर एटीआर हे प्रवासी विमान उतरताना बघितलं असेल, त्यांची चाकं पोटात जातात, तिथे कॉकपिटमधे गिअर खाली येऊन लॉक झाल्याचे हिरवे दिवे बघून उतरतात. तो वेगळा विषय. तुमच्या भाच्याचं चाक जागेवरच होतं आणि ते मोडलं, एवढंच धरून चला, आणि कोणी विचारलं तर तेवढंच सांगा.

आता तुम्ही विचारलंय 'पोरगा की विमान', तर माझ्या मते प्रश्न असा टाकला की उत्तर कधीच नीट मिळत नाही, कारण दोघांचेही वकील ठरलेले असतात. मी हँगरमधे अशी केस आली की दोन गोष्टी शोधायचो. एक, चाक पहिल्यांदा टेकल्यापासून शेवटचं टेकेपर्यंतच्या आठ-दहा सेकंदांत काय काय झालं. दोन, त्या नोज गिअरने, म्हणजे पुढच्या चाकाने आणि त्याच्या पायाने, त्या दिवसाच्या आधी काय काय सोसलं होतं. पहिलं पोरगा सांगू शकतो, दुसरं लोखंड सांगतं. दोन्ही ऐकल्याशिवाय बोलू नये.

ह्यात बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. वारा किती आणि कुठून होता, विमानात इंधन किती, फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या खाली येणाऱ्या पट्ट्या, किती लावले होते, त्याने त्या धावपट्टीवर आधी इन्स्ट्रक्टरबरोबर किती लँडिंग केली होती, विमान किनाऱ्यावर उघड्यावर उभं असायचं का, शेवटचं इन्स्पेक्शन कधी झालं. तुम्ही ह्यातलं काहीच लिहिलेलं नाही, आणि तुम्हाला माहीत असायचं कारणही नाही.

पण चाक किती मार खाऊ शकतं ते तर निश्चित आहे, तिथून सुरू करतो. छोट्या विमानांच्या डिझाइनसाठी कित्येक वर्षं चालत आलेला अमेरिकन नियम असा, की विमान उतरताना खाली येण्याचा वेग सेकंदाला ७ ते १० फूट धरून गिअर बनवायचं, किती धरायचा ते विमानाच्या वजनावर आणि पंखांच्या क्षेत्रफळावर ठरतं, सेसना १७२ त्या दोन आकड्यांच्या साधारण मधे येतं. आकडा ऐकून काही कळत नाही म्हणून मी पोरांना वेगळ्या भाषेत सांगायचो. सेकंदाला ७ फूट म्हणजे एखादी वस्तू नऊ इंचावरून सोडली की जमिनीला लागताना जो वेग येतो तो. एक वीत! आणि १० फूट म्हणजे अठरा-एकोणीस इंच, एक हात. म्हणजे पंखांनी वजन तोलून धरलेलं असताना वीत-हातभर उंचीवरून आपटल्याएवढा धक्का गिअर सोसतं. ऐकणाऱ्याला वाटतं एवढंच? पण चांगल्या लँडिंगमधे हा वेग सेकंदाला एक-दोन फूटच असतो. आणि धक्क्यातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, दोनाऐवजी सहा फुटांनी आलात तर तिप्पट नाही, नऊपट.

गंमत म्हणून एक हिशोब करून बघा. ६५ नॉट, म्हणजे ताशी साधारण १२० किलोमीटर, वेगाने नेहमीच्या तीन अंशाच्या उताराने कोणी सरळ येत राहिला आणि शेवटी नाक उचललंच नाही, म्हणजे फ्लेअर केलाच नाही, तरी जमिनीला लागताना खाली यायचा वेग सेकंदाला पावणेसहा फुटांच्या आसपास भरतो. म्हणजे सातच्या आतच. मग एवढी चाकं मोडतात कशाने? तर हे सगळं मागच्या दोन चाकांसाठी आहे. सेसनाचे मागचे पाय म्हणजे स्प्रिंग स्टीलचे, धक्का बसला की बाहेर फाकतात आणि परत येतात, बांबू वाकवून सोडल्यासारखे. पुढच्या चाकाचा मामला वेगळा आहे. तो एक नळीत नळी असलेला ओलिओ स्ट्रट आहे, आत लाल हायड्रॉलिक तेल आणि वर दाबाची हवा, धक्का बसला की तेल बारीक भोकातून ढकललं जातं आणि त्यात जोर जिरतो, सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने अर्धवट दाबून धरलं की दांडा कसा हळू जातो तसं. हा स्ट्रट इंजिनाच्या मागे जो फायरवॉल म्हणून पत्रा असतो त्याला ब्रॅकेटने धरलेला असतो. त्याचं काम विमान जमिनीवर चालताना वळवणं आणि नाकाचा थोडा भार पेलणं. पहिलं टेकणं कायम मागच्या चाकांनी करायचं आणि नाक नंतर सावकाश खाली येऊ द्यायचं, हे गृहीत धरूनच सगळी रचना आहे. पहिला मार पुढच्या चाकाने खाल्ला की सगळा हिशोब कोलमडतो, आणि प्रॉपेलर जमिनीपासून किती वर असावा लागतो, तर नियमाने कमीत कमी सात इंच. वीतसुद्धा नाही.

दोन-तीन उड्या म्हणालात म्हणून सांगतो, माझा अंदाज, अंदाजच, की हे पॉर्पॉइझिंग असावं. कसं होतं ते बघा. पोरगा थोडा जास्त वेगाने येतो. ६५ च्या जागी ७५ नॉट म्हणजे दहाच नॉट जास्त वाटतात पण ऊर्जा तेहतीस टक्के जास्त, आणि जमिनीजवळ आलं की पंखाखालच्या हवेमुळे विमान तरंगत राहतं, बसतच नाही. धावपट्टी मागे पळतेय, पोराचा धीर सुटतो, तो योक जरासा पुढे ढकलतो, की बस एकदाचं. पुढचं चाक आधी लागतं. त्या धक्क्याने नाक वर उडतं, विमान परत हवेत. आता तो घाबरून नाक खाली ढकलतो, पण विमानाचा प्रतिसाद आणि त्याचा हात ह्यात अर्ध्या सेकंदाचं अंतर पडतं, त्यामुळे त्याचं ढकलणं आणि विमानाचं स्वतःहून खाली येणं एकाच वेळी होतं. दुसरी उडी पहिलीपेक्षा मोठी, तिसरी दुसरीपेक्षा. बहुतेक वेळा तिसऱ्याला नाक मोडतं. लाटेत होडी काठाला लावताना नवखा माणूस प्रत्येक लाटेला वल्हं मारत बसतो आणि होडी आडवी करून घेतो, तसलाच प्रकार.

ह्यावर उपाय एकच, पहिली मोठी उडी बसली की पूर्ण पॉवर द्यायची, नाक लँडिंगच्या स्थितीत स्थिर धरायचं, आणि गो-अराउंड करून वर जायचं, फेरी मारून परत यायचं. दुरुस्त करायला जायचंच नाही. सांगायला सोपं आहे. पण साठ तासांच्या पोराच्या डोक्यात त्या क्षणी 'चाक लागलं म्हणजे मी उतरलो' हे इतकं पक्कं बसलेलं असतं की परत हवेत जायचं हे सुचतच नाही, आणि खाली कोणीतरी बघतंय, गो-अराउंड केला तर हसतील, हेही असतं. ज्या शाळेत गो-अराउंड केल्यावर इन्स्ट्रक्टर पाठ थोपटतो त्या शाळेत नोज गिअर कमी मोडतात, हे मी स्वतः तीन-चार ठिकाणी काम करून बघितलंय.

आता कोकणाचा भाग, कारण घाटावर शिकलेल्या पोरांना हा इथे येऊन कळतो. मार्च ते मे दुपारी जमीन तापली की समुद्राकडून खारं वारं सुटतं, अकरा-बाराला सुरू होतं आणि तीन-चारला चांगलं जोरात असतं. आपल्या धावपट्ट्या सड्यावर, कडेला उतार आणि खाली खाडी नाहीतर माडाची बाग. वारं त्या उताराला आपटून वर चढतं, म्हणून कडेवरून आत येताना विमान उचललं गेल्यासारखं वाटतं, आणि कडा ओलांडली की तोच वारा घोळतो आणि विमान खाली बसतं. पोरगा उचललं गेलं म्हणून पॉवर काढतो आणि पुढच्याच क्षणी हवा पायाखालून जाते. त्यात वारं तिरकं असेल तर क्रॉसविंड सांभाळायचा. ही १७२ पंधरा नॉट क्रॉसविंडमधे उतरवून दाखवलेली आहे, पण ते कसलेल्या टेस्ट पायलटने, साठ तासांच्या विद्यार्थ्याने नाही. म्हणून मी तुम्हाला वारा विचारला. त्या दिवशी दुपारी सोलोला सोडायचा निर्णय कोणाचा होता हा प्रश्न रास्त आहे, तो कोणाला आरोपी करायला म्हणून नको, पण चौकशीत यायला हवा आणि येतोच.

म्हणजे वेग, वारं, आणि पहिल्या उडीनंतर काय केलं, ही झाली आठ-दहा सेकंदांची बाजू. आता लोखंडाची.

इथे खारी हवा काय करते ते तुम्हाला मी काय सांगायचं, खिडकीचे गज दोन पावसाळ्यात फुगतात. नोज स्ट्रटचा आतला दांडा क्रोमचा असतो, चकचकीत, तोंड दिसेल असा. त्याच्यावर मीठ आणि धूळ बसून राहिली की बारीक खड्डे पडतात, डोळ्याला दिसायच्या आधी नखाला लागतात. मी रोज सकाळी ओल्या फडक्याने तो दांडा पुसायचो आणि अंगठ्याचं नख वरून खाली फिरवायचो, कुठे अडलं की समजायचं. हे खड्डे आतलं रबरी सील कापतात, तेल झिरपतं, हवा जाते, आणि मग स्ट्रट बसतो. बसलेला स्ट्रट म्हणजे धक्का घ्यायला जागाच नाही, लोखंडावर लोखंड. शिवाय प्रॉपेलर तेवढाच जमिनीच्या जवळ. म्हणून तुमच्या भाच्याला एवढं विचारा, उडायच्या आधी फेरी मारताना स्ट्रटचा चकचकीत भाग किती बोटं दिसत होता? खाली तेलाचा लाल डाग होता का? टॅक्सी करताना नाक थरथरत होतं का? थरथरण्याला शिमी म्हणतात, त्यासाठी वेगळा डँपर असतो, तो ढिला झाला की पोरं 'रनवे खडबडीत आहे' म्हणून सोडून देतात. त्याला आठवेल ते खरं सांगू दे, नाही आठवलं तर नाही आठवलं म्हणू दे.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. वीसेक वर्षांपूर्वी, शाळेचं नाव नको, घाटावर होतो. एक मुलगी, चाळीस-बेचाळीस तासांची, सकाळच्या शांत हवेत उतरली. मी हँगरच्या दारात उभा होतो, माझ्या डोळ्यासमोर. लँडिंग अगदी साधं, मागची चाकं आधी, नाक सावकाश खाली. आणि नाक टेकून पन्नास-साठ मीटर गेल्यावर पुढचा पाय दुमडला. प्रॉपेलर थडथड वाजून थांबला. ती उतरून पंखाखाली बसली आणि कोणाशी बोलेना. दुपारपर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की मुलीने आपटलं.

संध्याकाळी मी तो तुटलेला ब्रॅकेट पेट्रोलने धुऊन भिंगाखाली धरला. तुटलेल्या तोंडाचा दोन तृतीयांश भाग मळकट, काळपट तपकिरी, आणि त्याच्यावर एकाबाहेर एक अशा गोल रेघा. ओहोटीला पाणी मागे जाताना ओल्या वाळूवर रेघा राहतात ना, हुबेहूब तशा. धातूच्या थकव्याने भेग हळूहळू वाढत गेली की ह्या रेघा उमटतात. उरलेला एक तृतीयांश भाग चांदीसारखा स्वच्छ आणि खरबरीत, तो त्या सकाळी तुटलेला. म्हणजे भेग कित्येक आठवडे आधी पडली होती आणि प्रत्येक लँडिंगला केसभर पुढे सरकत होती. मुलीच्या वाट्याला फक्त शेवटचं लँडिंग आलं.

टेक लॉग, म्हणजे विमानाची नोंदवही, चाळला. हार्ड लँडिंगचा एकही स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद, नाही. मग तिसऱ्या दिवशी एक विद्यार्थी हँगरच्या मागच्या बाजूला घुटमळताना दिसला. आमच्याकडे मालवणकडचे एक वयस्कर हेल्पर होते, त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी त्याला चहा दिला आणि म्हणाले, "भियाव नको, काय झाला ता खरा सांग." त्याने सांगितलं. दीड महिन्यापूर्वी सोलोला त्याने नाकावर आपटलं होतं, जोरात, दोनदा. उतरून विमानाभोवती फिरला, सगळं जागच्या जागी दिसलं, प्रॉपेलरला ओरखडा नाही, म्हणून गप्प राहिला. सांगितलं असतं तर तास थांबले असते, घरून पैसे कर्ज काढून भरले होते, चीफ इन्स्ट्रक्टर सगळ्यांसमोर बोलायचे. त्याला विमान मोडायचं नव्हतं, मुलीला अडकवायचं नव्हतं. तो घाबरला होता, एवढंच.

आणि त्या दीड महिन्यात त्याच विमानाचं पन्नास तासांचं इन्स्पेक्शन झालेलं होतं, सही माझी. ब्रॅकेटच्या त्या कोपऱ्यात ग्रीस आणि माती साचलेली होती, मी टॉर्च मारला होता पण पुसून बघितलं नव्हतं. हे मी रिपोर्टमधे लिहून दिलं. त्यानंतर आजपर्यंत एकही नोज गिअर मी न पुसता तपासलं नाही, आरसा आणि दिवा घेऊन, आणि जरा जरी शंका आली तर डाय पेनिट्रंट. म्हणजे लाल डाय लावायचा, थांबायचं, पुसायचं, मग पांढरं डेव्हलपर मारायचं, भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटून येते.

म्हणून तुमच्या भाच्याच्या बाबतीत तुटलेल्या भागाचं तोंड कसं दिसतं हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. सगळं स्वच्छ आणि चकचकीत असेल तर त्या दिवशीचाच मार. काळपट भाग आणि रेघा असतील तर कहाणी आधीपासूनची. दोन्ही एकत्र असू शकतं, खराब लँडिंग आणि आधीची भेग, आणि बरेचदा तसंच असतं. फायरवॉलच्या खालच्या भागाला सुरकुत्या आहेत का, रिव्हेटभोवती काळा धूर लागल्यासारखे डाग आहेत का (रिव्हेट ढिले होऊन घासत असतील तर असे डाग पडतात आणि ते एका दिवसात पडत नाहीत), इंजिन माउंटच्या नळ्या, दरवाजा नीट बसतोय का, शेपटीखाली घासलंय का, हे सगळं चौकशी करणारे बघतील. प्रॉपेलरची पाती सुद्धा बोलतात, टोकं मागे वळलेली असली तर इंजिन बहुतेक आयडलला, म्हणजे पॉवर काढून नुसतं फिरत, होतं, पुढे वळलेली असली तर पॉवर होती, म्हणजे शेवटी त्याने गो-अराउंडचा प्रयत्न केला होता का ह्याचाही माग लागतो. विमानात काचेचे डिस्प्ले असतील, जी-१००० वाले, तर वेग आणि उंची कार्डावर नोंदलेली असू शकते. पोराची बाजू खरी असेल तर ह्या गोष्टीच त्याच्या बाजूने बोलतील.

ह्याच कारणासाठी विमानाला कोणी हात लावता कामा नये. असा प्रकार झाला की जास्तीत जास्त २४ तासांच्या आत डीजीसीए (विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) आणि एएआयबीला (अपघातांची चौकशी करणारं खातं) कळवावं लागतं आणि परवानगीशिवाय विमान हलवता येत नाही, माणूस बाहेर काढायला किंवा आग टाळायला हलवलं तर गोष्ट वेगळी. तुटलेले तुकडे एकमेकांना लावून बघायचे नाहीत, तोंडावरच्या रेघा घासल्या जातात. हा ॲक्सिडंट धरतात की इन्सिडंट हे नुकसानावर ठरतं, नुसता प्रॉपेलर, टायर, चाक एवढंच असेल तर सहसा ॲक्सिडंटमधे येत नाही, फायरवॉल मोडून स्ट्रक्चरची मोठी दुरुस्ती लागणार असेल तर येतो. भाच्याची श्वासाची तपासणी आणि मेडिकल झालं असेल, ते सगळ्यांचंच करतात, त्यात संशयाचा भाग नाही, घरच्यांना तेवढं सांगा. आणि चौकशीचा जाहीर उद्देश पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष ठरवणं हा नाही, आंतरराष्ट्रीय नियमातच तसं आहे. प्रत्यक्षात खोलीत बसल्यावर तसं वाटत नाही हे मला माहितीय, पण खरं बोलणाऱ्याला ते वाक्य उपयोगी पडतं.

पैशाचं. प्रॉपेलर जमिनीला लागला म्हणजे इंजिन उघडून तपासणं आलं, इंजिन बनवणाऱ्या लायकमिंग कंपनीचंच तसं म्हणणं आहे, आयडलला लागला असला तरी, कारण झटका आत क्रँकशाफ्टपर्यंत जातो आणि बाहेरून काही दिसत नाही. त्यामुळे खर्च लाखांत जाणार हे खरं. तो कोणी सोसायचा हे शाळेच्या इन्शुरन्सवर आणि ॲडमिशनच्या वेळी तुम्ही सही केलेल्या कागदावर आहे. काही ठिकाणी इन्शुरन्स जेवढं देत नाही तेवढा ठरावीक भाग विद्यार्थ्यावर टाकणारं कलम असतं, काही ठिकाणी नसतं. तो कागद काढा, वाचा, आणि चौकशी पूर्ण व्हायच्या आधी कोणी तोंडी पैसे मागितले तर लेखी मागा. 'चूक माझी होती, भरपाई देतो' असलं काही लिहून देऊ नका.

करियर संपलेलं नाही. साधारण असं होतं की काही काळ त्याचं उडणं थांबतं, मग इन्स्ट्रक्टरबरोबर काही तास परत, लँडिंगवर भर, चेक झाला की पुढे. किती दिवस ते शाळेवर आणि चौकशीवर आहे. सीपीएलला दोनशे तास लागतात, तो साठावर आहे, एवढ्या लांबच्या वाटेत दोन-चार महिने गेले तरी भरून निघतात. माझ्या ओळखीत अशा घटनेनंतर लायसन्स मिळवून आज एअरलाइनमधे उडवणारे आहेत. नंतर इंटरव्ह्यूत विचारतात तेव्हा ज्याने लपवलं त्याची अडचण होते, ज्याने नीट सांगितलं त्याची सहसा होत नाही. ती मुलगी पण पुढे पायलट झाली. आणि तो मुलगाही.

भीतीचं मात्र हलक्यात घेऊ नका. 'काही लागलं नाही ना, मग झालं' असं घरात सगळे म्हणतील. पण पहिल्यांदा परत फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत उतरायला, वळताना त्याच्या हातापायाला घाम येणार. त्याला सांगा इन्स्ट्रक्टरला हे आधीच सांगून ठेव, आणि पहिले दोन-तीन दिवस फक्त मुद्दाम गो-अराउंड करायची प्रॅक्टिस माग, धावपट्टीवर दहा फुटांवर येऊन परत वर. उतरायचं दडपण नसलं की हात मोकळा होतो.

आणि हे तुम्ही आजच करा, उद्यावर टाकू नका. त्याला एक वही आणि पेन द्या, खोलीत एकटं बसवा, आणि फायनलला वळल्यापासून विमान थांबेपर्यंत जे जे आठवतंय ते लिहायला सांगा. वेग किती दिसला, विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी पिशवी) कुठे होता, कडेवर विमान उचललं गेलं का, पहिलं चाक कुठलं लागलं, हात पुढे गेला की मागे, पॉवर दिली का. जे आठवत नाही तिथे 'आठवत नाही' लिहू दे. वर तारीख आणि वेळ टाकून सही करू दे. मोबाइलमधे फोटो-व्हिडिओ असतील तर ते डिलीट करू नका आणि कोणाला पाठवूही नका, चौकशीवाल्यांनाच द्या. परवाचं लँडिंग आज त्याच्या डोक्यात जसं आहे तसं आठवड्याने राहणार नाही, दहा लोकांनी दहा वेळा विचारून ते बदललेलं असेल, आणि त्याला स्वतःलाही ते कळणार नाही.